गाडी विकायची आहे, पण घरात पटत नाही

पत्र:

नमस्कार. मी ६१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. यजमान ६७ वर्षांचे, घरात ८८ वर्षांच्या सासूबाई. मयूर कॉलनीतली आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली, म्हणून सध्या पौड रस्त्यावर आनंदनगर मेट्रो स्टेशनजवळ भाड्याने राहतो. इथे पार्किंग नाही. शेजारच्या इमारतीत महिना १,५०० रुपये देऊन गाडी ठेवतो. आमची छोटी हॅचबॅक येत्या मार्चमध्ये १५ वर्षांची होईल. विमा ९,५००, सर्व्हिसिंग १४,०००, पेट्रोल महिना साधारण ३,०००. यजमानांना काचबिंदू आहे, थेंब चालू आहेत. मध्यंतरी डावीकडून येणारी दुचाकी यांना दोनदा दिसली नाही, थोडक्यात वाचलो. मला गाडी येत नाही. मला वाटतं, गाडी विकावी. हे म्हणतात, "रात्री-अपरात्री आईला काही झालं तर? वाईला गावी कसं जायचं? लोक काय म्हणतील?" नात्यातलं कुणीही पुणे स्टेशनवर उतरलं की आणायला हेच जातात, किती वर्षं झाली. मुलगा बंगळुरूहून म्हणतो, दहा लाखांची नवी ऑटोमॅटिक घेऊन देतो. मी हिशेबाची वही काढली की हे उठून आत जातात. काय करू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर:

ताई, नमस्कार.

दुचाकीबद्दलचं वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मी तिथेच थांबले. आधी त्याबद्दल बोलू, कारण ती गोष्ट मार्चपर्यंत थांबण्यासारखी नाही.

काचबिंदूत डोळ्यामागची नस हळूहळू निकामी होते आणि बहुतेकांची आधी कडेची नजर जाते. मधली नजर शाबूत असते. पेपर वाचता येतो, समोरच्या बसची पाटी वाचता येते, त्यामुळे माणसाला मनापासून वाटतं की आपल्याला नीट दिसतंय. जिथे दिसत नाही तिथे काळा डाग येतो असंही नाही, मेंदू ती जागा आजूबाजूच्या चित्राने भरून टाकतो. म्हणजे यजमान "मला व्यवस्थित दिसतं" म्हणतात तेव्हा ते हट्टाने बोलत नाहीत, त्यांना खरंच तसं जाणवतं. थेंबांनी पुढचं नुकसान रोखता येतं, गेलेली नजर परत येत नाही. आणि आपल्या रस्त्यांवर दुचाकी डाव्या कडेने कशा घुसतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि फील्ड टेस्ट कधी झाली होती ते विचारा. या तपासणीत एका पांढऱ्या अर्धगोलाच्या मध्यावर नजर रोखून बसायचं असतं. कडेला कुठेतरी बारीक ठिपका चमकतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. एकेका डोळ्याची तपासणी होते आणि शेवटी नकाशा छापून येतो, दिसत नाही तो भाग त्यात काळा असतो. डॉक्टरांना तो नकाशा यजमानांच्या हातात द्यायला सांगा आणि तुम्ही समोर असताना सरळ विचारा: "यांनी गाडी चालवावी का? दिवसा? रात्री?" उत्तर डॉक्टरांनी यजमानांना द्यावं, तुम्ही मध्ये बोलू नका. बायकोने "तुम्हाला दिसत नाही" म्हणणं आणि डॉक्टरांनी कागदावर दाखवणं यांत फार फरक पडतो. उत्तर मिळेपर्यंत यजमानांनी गाडी चालवू नये. त्या दोन वेळांना दुचाकीवरचा माणूसही वाचला आहे, हे विसरू नका.

मुलाच्या प्रस्तावाचाही निकाल इथेच लागतो. ऑटोमॅटिक गाडीत क्लच जातो, गिअर जातो. डाव्या बाजूचं दिसायला लागत नाही.

आता हिशेबाच्या वहीकडे येते. तुमचे आकडे बरोबर आहेत, तरी ती वही काही दिवस कपाटात ठेवा. तुमच्या दृष्टीने तो खर्चाचा हिशेब आहे. यजमानांना त्यातून ऐकू येतं ते असं, की इतकी वर्षं मी सगळ्यांना नेलं-आणलं तो सगळा खर्चच होता. स्टेशनवर कुणीही उतरलं की हे हजर, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. आपल्याकडे पुष्कळ पुरुषांना माया बोलून दाखवता येत नाही. ते "मी सोडतो" म्हणतात, "थांब, मी येतो घ्यायला" म्हणतात. यजमानांचं घरातलं, नात्यातलं स्थान त्या चावीला बांधलेलं आहे. ती चावी तुम्ही मागताय, तेव्हा त्याबदल्यात त्यांच्या हातात काय राहणार, हा प्रश्न ते विचारत नाहीत, पण आत उठून जातात ते त्यामुळेच.

म्हणून सुरुवात वेगळीकडून करा. त्यांना सांगा की १५ वर्षांपूर्वी गाडी घेतली तो निर्णय योग्यच होता. तो होताच. तेव्हा पुण्यात मेट्रो नव्हती, फोनवर रिक्षा बोलावता येत नव्हती, आणि कोथरूडहून सासूबाईंना घेऊन कुठे जायचं तर नाक्यावर उभं राहून दहा रिक्षावाल्यांचा नकार ऐकावा लागायचा. वनाझ ते गरवारे कॉलेज मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, ऑगस्ट २०२३ मध्ये रुबी हॉलपर्यंत गेली, आणि सप्टेंबर २०२४ पासून जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून स्वारगेटलाही जाता येतं. तुमच्या भाड्याच्या घराजवळ ते स्टेशन आहे, हे तुमचं नशीब. परिस्थिती बदलली म्हणून निर्णय बदलतोय, असं म्हटलं की यात कुणाची हार होत नाही.

यजमानांच्या तीन शंकांपैकी पहिली सगळ्यांत खरी आहे. रात्री आईला काही झालं तर?

यावर मी त्यांना उलट विचारेन: रात्री तुम्हाला काही झालं तर? ताईंना गाडी येत नाही. म्हणजे ज्या घरात चालवणारा एकच, आणि तोही ६७ वर्षांचा, रात्री डोळ्यांवर भरवसा नसलेला, त्या घरात गाडी असूनही रात्रीची सोय झालेलीच नाही. इतकी वर्षं ती आहे असं वाटत राहिलं, एवढंच. सासूबाईंना समजा पक्षाघाताचा झटका आला, तर अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाला हॅचबॅकच्या मागच्या सीटवर तुम्ही दोघं कसं बसवणार? तिथे रुग्णवाहिकाच लागते. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि मोफत आहे. तरीही एकट्या १०८ वर विसंबू नका. तुमच्या जवळच्या, सीटी स्कॅनची सोय असलेल्या दोन रुग्णालयांत दिवसा जाऊन त्यांच्या रुग्णवाहिकेचा थेट नंबर आणा, आणि रात्री ड्रायव्हर हजर असतो का तेही विचारून या. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, त्यामुळे कुठे न्यायचं हे आधी ठरलेलं हवं.

हे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि त्याखाली या घराचा पूर्ण पत्ता लिहा, इमारतीचं नाव, मजला, जवळची खूण. हसू नका. भाड्याच्या घराचा पत्ता घाबरलेल्या माणसाला आठवत नाही, तोंडातून जुनी मयूर कॉलनीच येते. वॉचमनचा नंबर, खालच्या मजल्यावरच्या गाडीवाल्या शेजाऱ्यांचा नंबर, आणि गल्लीत राहणाऱ्या एखाद्या रिक्षावाल्याचा नंबर हवा. त्या शेजाऱ्यांशी आधी बोलून ठेवा: "कधी वेळ आली तर उठवू का?" आजवर असा नकार दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतो का ते बघा. जुन्या इमारतींत बहुधा मावत नाही, मग रुग्णवाहिका बोलावतानाच "खुर्चीचा स्ट्रेचर आणा" असं सांगायचं. ही सगळी जुळवाजुळव यजमानांनी करावी. ज्याला काळजी आहे, त्याच्याच हातात बंदोबस्त द्यावा.

आता पैशांबद्दल, कारण माझ्या मते सगळं याच्यावर ठरतं.

मला येणाऱ्या पत्रांतून एक गोष्ट वारंवार दिसते. गाडी विकल्यावर लोक घरात अडकतात. वाहन मिळत नाही म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा कारण हे असतं की रिक्षाचे पैसे टोचतात. आयुष्यभर काटकसर केलेली आपली पिढी. विम्याचे ९,५०० वर्षातून एकदा बँकेतून जातात, सर्व्हिसिंगचं बिल "गाडी म्हटली की आलंच" म्हणून भरलं जातं. पण सहा किलोमीटरच्या रिक्षाचे शंभर रुपये हातातून जातात, डोळ्यांना दिसतात, आणि मनात येतं, एवढ्याशासाठी कशाला जायचं? मग भिशी चुकते, नाटक चुकतं, बहिणीकडे जाणं चुकतं. सहा महिन्यांनी घरात कुरकुर सुरू होते की गाडी होती तेव्हा बरं होतं. ती कुरकुर खरी असते, पण तिचं कारण गाडी नसणं नसून पैसे न सोडणं असतं.

तुमच्याच आकड्यांवरून: पेट्रोल वर्षाला ३६,०००, पार्किंग १८,०००, विमा ९,५००, सर्व्हिसिंग १४,०००. एकूण ७७,५००, म्हणजे महिन्याला साधारण ६,४५०. टायर, बॅटरी, किरकोळ ठोकाठोकी यात धरलेलीच नाही. पुण्यात २०२२ मध्ये ठरलेला रिक्षाचा दर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७, म्हणजे सहा किलोमीटरला १०२ रुपये. मीटरने चला म्हटलं तर कितीजण तोंड फिरवतात ते ठाऊक आहे, ॲपवर याहून जास्तही पडतात. तरी आज गाडीला लागतात तेवढ्याच पैशांत महिन्याला पन्नास-साठ वेळा रिक्षाने जाता येईल. तुमच्या घरातून महिन्याला तेवढं बाहेर पडणं होत असेल असं मला वाटत नाही.

ही वही पुन्हा बाहेर काढायची ती आत्ता, आणि ती यजमानांना पटवण्यासाठी नाही. बँकेत दोघांच्या नावाने वेगळं बचत खातं उघडा. गाडीचे येतील ते पैसे त्यात टाका आणि दरमहा ६,५०० रुपये आपोआप त्यात वळते होतील अशी सूचना बँकेला द्या. दोघांच्याही फोनवरचं यूपीआय या खात्याला जोडा. रिक्षा, टॅक्सी, मेट्रो, एसटी, अधूनमधून दिवसभरासाठी ठरवलेली गाडी, सगळं यातूनच. आणि महिनाअखेर यात पैसे उरले तर ते शिल्लक पडले म्हणून आनंद मानायचा नाही, या महिन्यात कुठे जायचं राहिलं ते बघायचं. हा नियम घरात बोलून ठरवा. काटकसरी माणसाला खर्च करायची परवानगी कुणीतरी द्यावी लागते.

मुलाला याच जागी घ्या. दहा लाखांची गाडी घेतली तर विम्याच्या तक्त्याप्रमाणे चार वर्षं उलटून पाचवं सरताना तिची किंमत निम्मी धरतात. म्हणजे नुसती उभी राहूनही पाच वर्षांत पाच लाख, महिन्याला आठ हजारांच्या वर, आणि बाकीचा खर्च वेगळा. त्याला लिहा की बाबांना गाडी नको, दरमहा या खात्यात काही घाल. त्याला आईवडिलांसाठी काहीतरी करायचंय, ते त्याला करू द्या. एक मात्र टाळा: बंगळुरूहून त्याने तुमच्यासाठी टॅक्सी बोलावणं. ड्रायव्हरचा फोन त्याला जातो, ओटीपी त्याच्याकडे येतो, तो मीटिंगमध्ये असतो आणि तुम्ही फाटकाशी उभ्या. ॲप तुमच्या दोघांच्या फोनवर हवं, अक्षरं मोठी करून, घराचा पत्ता आत भरून. पुढच्या वेळी तो घरी आला की भेट म्हणून हेच शिकवायला सांगा, आणि त्याने तुमच्या हातून करून घ्यावं, स्वतः करून दाखवू नये.

सासूबाईंचं वेगळं बघावं लागेल. ८८ व्या वर्षी मेट्रो-बस यांचा आग्रह नको. बसची पायरी उंच असते, आणि जिल्हा न्यायालय स्थानकावर वरच्या मार्गावरून खोल भूमिगत फलाटावर जायचं तर लिफ्ट असूनही चालणं बरंच पडतं. त्यांच्यासाठी दारातून दारात जाणारं वाहनच हवं. रिक्षात चढवताना त्यांना दांडी धरून आधी कडेला टेकू द्या, मग सरकून आत. बाहेरच्या बाजूला तुम्ही बसा. टॅक्सी असेल तर पाठमोरं बसवायचं, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत घ्यायचे, एक पाय आत आणि एक बाहेर अशा अवस्थेत कंबर मुरगळते. चाकाची खुर्ची न्यायची असेल तर एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा: शहरातल्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवरच्या, त्यांच्या डिकीत टाकी असते, घडीची खुर्ची तिथे मावत नाही. अशा दिवशी सहा आसनी मोठी गाडी बोलवा आणि ड्रायव्हरला फोनवर सांगा की खुर्ची आहे. डॉक्टरकडची वेळ सकाळी दहा-अकराच्या पुढची मागा, तेव्हा गाडी लवकर मिळते.

इथे एक अपवाद सांगते. सासूबाईंना उद्या आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस लागलं, किंवा तुमचं घर अशा ठिकाणी असतं की जिथे बस तासाला एक आणि रिक्षा यायला तयार नाही, तर मी गाडी विका म्हणाले नसते. बावधनच्या पुढे, उंड्रीच्या आतल्या भागात राहणाऱ्या वाचकांनी हे उत्तर जसंच्या तसं स्वतःला लावून घेऊ नये. तिथे शहराने लोकांना गाडी घ्यायला भाग पाडलंय, त्यात त्या लोकांचा दोष नाही.

वाईचं सोपं आहे. आनंदनगरहून मेट्रोने स्वारगेट, स्वारगेटहून वाईची एसटी. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ७५ च्या पुढे मोफत. म्हणजे तुम्ही, यजमान आणि सासूबाई, तिघं मिळून एक पूर्ण तिकीट. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा. सासूबाई बरोबर असतील, किंवा कुलदेवतेचं सामान, नारळ-ओटी, शिधा असं सगळं असेल त्या दिवशी ड्रायव्हरसकट गाडी ठरवा, दिवसभरासाठी. वर्षातून दोन-चार वेळा ती चैन त्या खात्याला सहज झेपेल. शिवाय खंबाटकी घाटात गाडी चालवताना यजमानांना कधी बाहेर बघता आलं असेल? आता येईल.

स्टेशनवर पाहुण्यांना आणायला यजमानांनी जरूर जावं. वनाझ-रामवाडी मार्गावरच पुणे रेल्वे स्टेशन आहे, तुमच्या इथून गाडी बदलायचीही गरज नाही. तिकीट १० रुपयांपासून ३५ रुपयांपर्यंत. त्यांनी फलाटावर जावं, पाहुण्यांची बॅग हातात घ्यावी, आणि सामान जास्त असेल तर येताना टॅक्सी करावी, पैसे स्वतः द्यावेत. पूर्वी स्टेशनबाहेर पार्किंग शोधण्यात अर्धा तास जायचा आणि पाहुणे ताटकळत उभे असायचे. आता ते डब्यापाशी उभे दिसतील. आलेल्या माणसाला स्टेशनवर आपलं कुणीतरी दिसावं, एवढंच हवं असतं.

नातेवाईक काय म्हणतील? पहिले दोन महिने म्हणतील. "काय हो, गाडी काढली? सगळं ठीक ना?" यामागचा प्रश्न पैशांचा असतो, हे यजमानांना टोचेल. उत्तर दोघांनी आधी ठरवून ठेवा आणि एकच द्या: "डोळ्यांमुळे डॉक्टरांनी नको म्हटलं, आणि मेट्रो दारात आहे." खरं आहे आणि तिथेच संपतं. लग्नकार्याला कुणाच्या गाडीतून जायचं असेल तर आदल्या दिवशी विचारा, निघताना नको. आपण त्यांच्या वाटेवर मुख्य रस्त्याला येऊन थांबायचं, त्यांना गल्लीत वळायला लावायचं नाही. टोल आपण भरायचा. एवढं पाळलं तर कुणाला तुमचं ओझं वाटणार नाही. उलट न्यायला माणसं आनंदाने येतात, गप्पांना सोबत मिळते.

रात्रीचा कार्यक्रम हा खरा कटकटीचा भाग आहे. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातून साडेनऊला तुम्ही आणि इतर पाचशे माणसं एकाच वेळी बाहेर येता आणि रिक्षा हव्या असतात सगळ्यांनाच. पंधरा मिनिटं आत बसून राहा, किंवा थोडं चालून मुख्य रस्त्याला या आणि मग बोलवा. त्या चालण्यासाठी चांगले, न घसरणारे बूट घ्या दोघांनीही. चप्पल घालून पावसात पुण्याच्या पदपथावरून चालू नये. पदपथाबद्दल मला राग आहे तो इथे लिहूनच टाकते: जंगली महाराज रस्त्यावर रुंद, सपाट पदपथ करता आला, म्हणजे ते जमतं. मग बाकीच्या रस्त्यांवर म्हाताऱ्या माणसाने उखडलेल्या फरशा, डीपीचे खोके आणि पदपथावर चढलेल्या दुचाकी यांतून वाट का काढावी? बिनगाडीच्या माणसाची खरी परीक्षा स्टेशन ते घर या शेवटच्या टप्प्यात होते. तुमच्या स्टेशनपासून घरापर्यंत जाणारे दोन-तीन रस्ते एकदा चालून बघा, अंधारातही, आणि सगळ्यांत उजेडाचा रस्ता धरा, लांबचा असला तरी. फरशी उखडलेली दिसली तर क्षेत्रीय कार्यालयाकडे तक्रार करा. हे काम यजमान मन लावून करतील असं मला वाटतं.

गाडी उद्याच विकू नका. मार्चला अजून आठ महिने आहेत आणि सध्या पाऊस आहे, ते एका परीने बरंच. पावसात जमलं तर बाकीचं वर्ष सोपं. दिवाळीपर्यंत चावी कपाटात, खातं सुरू, गाडी जागेवर. आठवड्यातून एकदा ओळखीच्या कुणाकडून ती थोडी फिरवून घ्या, नाहीतर बॅटरी बसते. दिवाळीनंतर तिघं बसून बोला. सासूबाईंनाही विचारा, त्यांचं मत कुणी घेतलंय असं पत्रावरून दिसलं नाही.

विकायचं ठरलं तर डिसेंबर-जानेवारीत विका, मार्चच्या आत. १५ वर्षं झाली की नोंदणीचं पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून त्याची फीच ५,००० रुपये आहे, वर पर्यावरण कर आणि आरटीओत गाडी तपासणीला नेणं. मुदत टळलेल्या गाडीला गिऱ्हाईक पाडून मागतं. हा सगळा व्यवहार यजमानांच्या हातात द्या. गाडीचा स्वभाव त्यांना माहीत, भाव तेच नीट करतील.

कागदपत्रांत मात्र दोघांनी लक्ष घाला. कर्ज काढून गाडी घेतली होती का? फेडल्यावर आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा पुष्कळांचं राहून जातं. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा, बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. थकलेली चलानं असतील तर ती भरा. नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली नसेल तर बसवून घ्या, ती नसली की आरटीओतली कामं अडतात. विक्रीच्या वेळी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात. कोरे फॉर्म सह्या करून कुणालाही देऊ नका, "आमचा एजंट भरेल" म्हणाला तरी नाही. गाडी ताब्यात देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून, घेणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत घ्या. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला देणार असाल तर तो आरटीओकडे नोंदलेला अधिकृत डीलर आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी दिल्याची रीतसर सूचना आरटीओला गेली की पुढची जबाबदारी त्याची होते.

अधिकृत डीलर सोडून इतर कुणाला गाडी विकली, तर आरसीवर नाव तुमचं आहे तोवर तुम्हीच मालक. मधल्या काळात त्या गाडीने कुणाला धडक दिली तर नुकसानभरपाईची नोटीस यजमानांच्या नावाने येईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच स्पष्ट केलंय, गाडी पुढे कितीही हातांत फिरली असली तरी. म्हणून नवं नाव चढल्याचं संकेतस्थळावर स्वतः पाहीपर्यंत पाठपुरावा सोडू नका आणि तोवर विमा संपू देऊ नका. नाव चढलं की विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं (विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचं) पत्र मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं. पुढे मुलगा पुण्याला आला आणि त्याने तुमच्या यजमानांच्या नावावर गाडी घेतली तर विम्यात उपयोगी पडेल. फास्टॅग बंद करून अनामत परत घ्या, नाहीतर दुसऱ्याचा टोल तुमच्या खात्यातून कटत राहील.

नव्या इमारतीतल्या पार्किंगवर मात्र हक्क सोडू नका. "आमच्याकडे गाडी नाही" असं भिडेखातर म्हणून करारातून ती जागा जाऊ देऊ नका. वाट्याला येणारं पार्किंग करारनाम्यात लिहून घ्या. सासूबाईंना न्यायला आलेली गाडी तिथे उभी राहील, मुलाची राहील, आणि विकासक काहीही म्हणाला तरी करार सही करण्याआधी तो वकिलाला एकदा दाखवा.

डॉक्टरांची वेळ मिळाली की मला जरूर कळवा.